दोन सोफ्यांची श्रद्धांजली

४ मार्च

चि. धाकटीस,
अ. उ. आ. आहेतच, ते काही लिहून संपत नाहीत.

पेपरातली श्रद्धांजली मला दोन सोफ्यांना पडली. म्हणजे दोन सोफ्यांची मजुरी, कापडासकट. पाव पान, त्यात फोटो, आणि फोटोतल्या मिशा जरा भरदार करून दिल्या त्याचे वेगळे. असो, भाऊ एकदाच जातो. कात्रण सोबत पाठवतोय. ‘छातीतला विकार दहा वर्षे कुणालाही कळू न देता ते हसतमुखाने शिडी चढत राहिले’ हे वाक्य माझं स्वतःचं आहे. शेजारीच एका निवृत्त न्यायाधीशांची श्रद्धांजली होती, तिच्याकडे कुणी बघितलं नाही. पाट्या रंगवणाऱ्याची मात्र सगळ्यांनी वाचली. नुसतं शिडीवरून पडला लिहिलं असतं तर माणूस वेंधळा वाटला असता.

विम्याची काळजी करू नकोस. त्याची बायको तू, नॉमिनीही तूच, कागद पुरे. पैसे आले की घरमालकाला देऊन दोन्ही खोल्या नावावर करून घे. कुठे अडलंच तर मी आहे. समोरचा बोलायला लागला की पहिल्या वाक्यात मला त्याचं मन कळतं.

माया आहेच, तू तेवढी वेळेवर जेवत जा.
दादा

१९ एप्रिल

ती. दादा,
शि. सा. न. आज जरा कडक आहे, सांभाळून घ्या.

कंपनीचं उत्तर आलं. दावा नामंजूर. दोन वर्षांपूर्वी पॉलिसी काढताना यांनी हृदयविकार लपवला म्हणे, म्हणून पॉलिसी रद्द. आणि पॉलिसीच नाही तर नॉमिनीचा हक्क कसला? पुरावा म्हणून त्यांनी काय जोडलंय माहीत आहे? तुमची श्रद्धांजली. मिशांसकट.

यांना हृदयविकार कधी झाला, दादा? मी बायको, मला कसा कळला नाही? शिडी ओल्या फरशीवरून सरकली, हे पोलिसांनीही लिहिलंय. पण कंपनी म्हणते, मरण कशानेही येवो, लपवलं ते लपवलं. इकडे घरमालकाने भर जिन्यात सांगितलं की जूनअखेर पैसे आले नाहीत तर खोल्या दुसऱ्याला. मी पोरांना घेऊन कुठे जाऊ तेही त्या पाव पानात छापायचं होतं.

राग उतरला की पूर्वीसारखीच,
धाकटी

२ मे

चि. धाकटीस,
आशीर्वाद, मागच्या वेळेपेक्षा हळू आवाजात.

कंपनीत जाऊन आलो. चष्मेवाला पोरगेला अधिकारी. पहिल्या वाक्यात त्याचं मन कळलं: त्याला घरी जायचं होतं. मी म्हटलं, ते वाक्य भावनेच्या भरात गेलं. त्याने शांतपणे विचारलं की तुम्ही तेव्हा खोटं बोललात की आता बोलताय. तीस वर्षं धंदा केला, गिऱ्हाइकाने फोम खरा का म्हणून विचारलं असेल, पण असं तोंडावर कुणी नाही. चहासुद्धा विचारला नाही.

पण मी ते हवेतून काढलेलं नाही गं. कारखान्यात आला की तो छाती धरायचा. घाम पुसायचा, भिंतीला टेकायचा. मी किती वेळा स्टूल दिलंय त्याला. खरंच काही नव्हतं का?

गोंधळलेला, पण तुमचाच,
दादा

७ मे

ती. दादा,
नमस्कार. हसू की रडू कळत नाही, म्हणून आधी नमस्कार.

यांना कळ फक्त तुमच्या कारखान्यात यायची, आणि तीही सोफा उचलायच्या वेळी. दोन हातांत रंगाचे दोन डबे घेऊन हे तिसऱ्या मजल्यापर्यंत चढायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, मी एक सोफा उचलला की दादा जन्मात हमाल लावणार नाही.

मी कंपनीविरुद्ध तक्रार केलीय. माझ्या वकीलबाई म्हणाल्या, विकार होता हे कंपनीने सिद्ध करायचं, आणि त्यांच्याकडे तुमच्याशिवाय दुसरं काही नाही. पॉलिसीच्या वेळी कंपनीच्याच डॉक्टरने छातीला वायरी लावून तपासलं होतं, तेव्हा सगळं ठीक निघालं. आता सुनावणीला या आणि खरं सांगा, कितीही लाज वाटली तरी. आणि पेपरात दुरुस्ती द्या. शेजारपाजारचे अजून मला पोरांचीही छाती तपासून घे म्हणून डॉक्टरांचे पत्ते आणून देतात.

आपला लोभ हवा, लेखणी नको.
धाकटी

२१ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ., आणि आज थोडे जास्तच.

तू बाहेर बाकावर होतीस, म्हणून आत काय झालं ते लिहितो. सुनावणी घेणाऱ्या बाईंनी मला माझंच वाक्य मोठ्याने वाचायला लावलं. मग तुम्ही डॉक्टर का, असं विचारलं. म्हटलं, सोफे बनवतो. मग हे कशावरून लिहिलंत? म्हटलं, भाऊ छाती धरायचा. कधी धरायचा? सोफा उचलताना. आणि मग तो सोफा कोण उचलायचं? मी म्हटलं, मीच. टाइप करणारा थांबला आणि त्याने रुमाल तोंडाला लावला. चष्मेवाला अधिकारीसुद्धा खाली बघत होता. मी शपथेवर लिहून दिलं की मला वैद्यकीय ज्ञान नाही, भाऊ शूर दिसावा म्हणून अंदाजाने लिहिलं.

आज निकाल हातात आला. दावा मंजूर. पैसे आठवड्यात तुझ्या खात्यात येतील. घरमालकाला दे, पण पावतीशिवाय उठू नकोस. दहा वर्षं फसवलं त्याने मला, धाकटे. आज असता तर आधी चार सोफे उचलायला लावले असते.

उद्यापासून हमाल ठेवतोय. पोरांना निर्धास्त पाठवत जा.
दादा

ता. क. दुरुस्ती आज छापून आली. जागा मिळाली ती हरवलेल्या छत्र्यांच्या खाली: ‘आमच्या बंधूंना हृदयविकार नव्हता. शिडी सरकल्याने ते पडले.’