मशेरीचं कागदावर नाव नव्हतं

आई, तू ओरडशील म्हणून आधीच सांगते: मी सगळ्यांना सांगितलं. तुला काय झालं होतं ते, आणि कशाने झालं तेही. गालाला भोक पडेपर्यंत तू बोरिवलीच्या आपल्या सोसायटीत "दाढ दुखते" एवढंच सांगत राहिलीस. मला बजावलंस, "त्या रोगाचा नाव ह्या घरात काढूचा नाय, सांगून ठेवतंय." मी काढते. घरात, ऑफिसात, जिन्यात कुणी विचारलं तर तिथेही. कॅन्सर.

माझ्या डाव्या गालाच्या आत पांढरा चट्टा आलाय. दातांच्या डॉक्टरांनी तो बघितला आणि मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे एक चाचणी चालू आहे. असा चट्टा असलेल्यांना गोळ्या देऊन बघायचं, कॅन्सर व्हायच्या आधीच थांबवता येतो का. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना नुसती तशीच दिसणारी, आणि कुणाला कुठली ते डॉक्टरांनाही माहीत नसतं. मुलुंडची मावशी फोनवर म्हणाली, "धडधाकट बाई तू, आणि उंदीर व्हायला निघालीस? नसती दुखणी!" तुझे जावई म्हणाले, "म्हणजे वर्षभर खडू खायचा चान्सपण आहे." खाईन खडू, म्हटलं. कुणीतरी खडू खाल्ल्याशिवाय औषध लागू पडतं की नाही ते कळणार कसं?

फॉर्म भरून घेणारी मुलगी माझ्या निम्म्या वयाची असेल. "ताई, तंबाखू? गुटखा? सिगरेट?" नाही, नाही, नाही. सही केली. घरी येताना रिक्षात मला तू दिसलीस. मी नुकतीच बीए झालेय, तुझ्या शेजारी बाकावर बसलेय, आणि डॉक्टर विचारतात, "बाई, तंबाखू खाता?" तू केवढी दुखावतेस! "छे हो, आमच्यात बायका तंबाखू खात नाहीत." आणि रविवारी दुपारी आपल्या स्वयंपाकघरात जुन्या तव्यावर तोच तंबाखू काळा होईस्तोवर भाजला जायचा. आम्ही खोकून बेजार, शेजारणी आपापल्या डब्या घेऊन दारात. तू तो कुटून हिंगाच्या डबीत भरायचीस. ती मशेरी. ती दातांसाठी. तंबाखू पुरुष खातात आणि पचापचा थुंकतात. मशेरी बाईमाणूस बोटाने लावतं, सकाळी एकदा, मग जेवल्यावर, मग उगाचच. मी पंधराची असताना दाढ दुखली तेव्हा माझ्या बोटावर पहिली चिमूट तूच ठेवलीस. मग पदवी झाली, नोकरी झाली, सोसायटीची सेक्रेटरी झाले, आणि मशेरी चालूच. नळ सोडून, बाथरूमची कडी लावून.

गोळ्या सुरू व्हायला दोन दिवस होते तेव्हा मी त्या मुलीकडे परत गेले. म्हटलं, "मॅडम, चूक झाली. लक्षात आलं नाही. मी मशेरी लावते."

"कधीपासून?"

"तीस वर्षं."

तिने पेन खाली ठेवलं. "अहो ताई, म्हणजे तंबाखूच ना तो!"

"हो. पण तुमच्या कागदावर मशेरी कुठेय? तंबाखू विचारलात तर आमच्यातली एकही बाई हो म्हणणार नाही. माझी आई नाही म्हणाली होती. तिचं तोंड सडलं." आवाज चढला असणार, कारण सगळे वळून बघायला लागले. रांगेतल्या एक आजी पदर सावरत म्हणाल्या, "लिव बाय, माजं पन लिव."

डॉक्टरांनी यादीतून माझं नाव काढलं. तंबाखू चालू असलेल्यांना या चाचणीत घेत नाहीत. आधी सोडा, सहा महिन्यांनी या, तोवर जागा राहिली तर बघू. चट्टा आम्ही तपासत राहू. मावशी म्हणाली, "चारचौघांत अब्रू घालवून आलीस, वर नावही कापलं. काय मिळालं?" मी म्हटलं, "तुझी डबी दाखव, मग सांगते." तिने फोन आपटला. आपटू दे. ती मुलगी आता प्रत्येक बाईला वेगळं विचारते, मशेरी लावता का, आणि बायका हो म्हणतात. माझा आज एक्केचाळिसावा दिवस आहे. डोकं ठणकतं, घरात सगळ्यांवर खेकसते, पण बोट कोरडं आहे.

हे पत्र वहीतच राहणार आहे, म्हणून आणखी एक लिहिते. डॉक्टरांशी तू खोटं बोललीस म्हणून मी वर्षानुवर्षं तुझ्यावर रागावले. तू खोटं बोलली नव्हतीस, मशेरी म्हणजे तंबाखू नव्हे असं तुला खरंच वाटत होतं. मला वाटत नव्हतं. त्या फॉर्मवर नाही म्हणताना मला सगळं माहीत होतं. गोळी हवी होती आणि मशेरीही हवी होती. लक्षात आलं नाही असं त्या मुलीला सांगितलं, ते तिने खरं मानलंय, आणि मी अजून तसंच राहू दिलंय.