पुरात न गेलेली कादंबरी

८ जानेवारी, गुरुवार

गिरासे मास्तर गेले. चेतनाने मोबाईलवर वाचून सांगितलं. मी दादर ज्वारी निवडत होते, निवडतच राहिले. मी सांगते, ही नात लिहिते. आज म्हणे, "आजी, तू डोया पुशी ऱ्हायनी, ते बी लिखू का?"

कांदा चिरत होते असं लिही.

१० जानेवारी

वाचनालयाचा पुनीत आला. बापाचं कापड दुकान सोडून पुस्तकं वाटत बसतो. पुढच्या रविवारी शोकसभा. मास्तर तरुणपणी तुमच्याकडे भाड्याने होते, तुम्हीच बोला म्हणाला. मास्तरांची चंद्रावर कापूस लावणाऱ्या शेतकऱ्याची गोष्ट त्याला तोंडपाठ. "आणि पहिली कादंबरी तापीच्या पुरात गेली ना आजी? सर नेहमी सांगायचे."

मी मान हलवली. कादंबरी गेली त्या उन्हाळ्यात तापी गुडघाभर होती. मास्तरांनी पूर कुठून आणला कोण जाणे.

१३ जानेवारी

लिही चेतना, पण बाहेर बोललीस तर तुझ्या लग्नात नाचणार नाही.

मास्तर सुट्टीला गावी गेले होते. खोली झाडताना खाटेखाली कागदांचा गठ्ठा सापडला, शिसपेनीने भरलेला. मला वाटलं, पोरांचे जुने पेपर. मेथी घालून भिजवले, उखळात कुटले, घागरीवर थापून भाकरीचं टोपलं केलं. तळ पातळ झाला, म्हणून उरलेली चार पानं आतून अख्खीच चिकटवली. झकास झालं होतं. शेजारणी बघायला आल्या.

मास्तर आले. खाट उलटी केली, कोठीमागे हात घातला. "भाभी, मन्हा कागद दिखनात का?"

"नही भाऊ."

पहिल्या दिवशी भीतीने म्हटलं. मग रोज भाकरी वाढताना सांगायचं ठरवायची आणि वरण वाढायची. दोन वर्षं. मग त्यांची बदली झाली.

१७ जानेवारी

उद्या सांगून टाकते. माणूस गेल्यावर माफी मागायची – अक्कल बघा म्हातारीची.

१८ जानेवारी, रविवार

वाचनालय भरलं होतं. ममताबाई शिक्षिका बोलता बोलता रडल्या – मास्तरांच्या गोष्टींमुळे मी विज्ञान शिकले म्हणाल्या. त्या हरवलेल्या कादंबरीचं सगळ्यांनाच वाईट वाटत होतं. मग माझ्या हातात माईक दिला.

मी म्हटलं, "मास्तरांना कळण्याची भाकरी लई आवडे." बसले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. जमीन फाटली असती तर बरं झालं असतं.

१९ जानेवारी

चेतनाने त्याच जुन्या टोपल्यातलं फडकं धुवायला काढलं आणि तळाशी नाक लावून वाचायला लागली. चंद्रावर कोणी कापूस पेरतोय म्हणे. शिसपेन पाण्याने जात नाही म्हणे. मला तर त्या अक्षरांत तेव्हाही मुंग्या दिसत होत्या, आजही मुंग्याच.

फडकं मी मागाहून घालू लागले, मास्तर बदलीवर गेल्यावर. त्याआधी दोन वर्षं ते त्याच उघड्या टोपल्यातून भाकरी घेत होते. आणि तेव्हा ह्या घरात वाचता येणारं माणूस एकच होतं.