बाई पाहिजे

राजेश्वर, निजाम इलाखा, पौष, फसली सन १३५५

प्रिय रेणुका,

तुझं पत्र येऊन महिना झाला आणि मी आज उत्तराला बसले, रागावू नकोस. आमच्या गावात मुलींसाठी मराठी वर्ग निघतोय. आडत्या शंकरप्पांनी दुकानामागची जागा दिली, सरकारी परवानगीही आली. आता शिकवणारी पाहिजे. तुमच्या गुलबर्ग्याच्या साप्ताहिकात जाहिरात द्यायची ठरलं आणि ती लिहायचं काम माझ्यावर आलं. मामाकडे राहून तुझ्यासोबत सातवी केली ना, आमच्या घरात पाटीला हात लावलेली मी पहिलीच.

पहिल्याच ओळीला अडले. मी ‘बाई पाहिजे’ लिहिलं, तर शंकरप्पा हसले, “पोरी, शाळा काढायलाव का तमाशाचा फड?” मग ‘मास्तरीण’ केलं. आई म्हणाली, “मास्तरीण म्हंजे मास्तराची बायकू. दुसऱ्याची बायकू कामून बोलवायलाव?” ‘शिक्षिका’ हे माझ्या वडिलांना, अण्णांना, कसल्यातरी औषधाचं नाव वाटलं. शेवटी तेच ठेवलं.

शंकरप्पा म्हणाले, गोड लिही, वाचून माणूस आलं पाहिजे. मी लिहिलं, पाणी मुबलक, राहायला स्वतंत्र खोली, मुली हुशार. यात खोटं काही नाही. पण विहीर लांब आहे, खोलीला तुरीच्या पोत्यांचा वास येतो आणि निम्म्या मुली घरी कानडी बोलतात, हेही खरंच ना? कुणी बिचारी त्या गोड शब्दांवर बैलगाडीनं इथवर यायची आणि रडत बसायची. म्हणून दुसरी जाहिरात लिहिली, त्यात हे सगळं घातलं. ती वाचून फार बरं वाटलं. इतकं बरं का वाटावं, ते मात्र कळेना. ती वाचून कुणीच येणार नाही, म्हणून तर नसेल?

रेणुका, त्या मुलींना मीच शिकवावं असं मला वाटतं. मला कुणी विचारलं नाही. एकदा जेवण वाढताना बोलून बघितलं, तर अण्णा म्हणाले, “तू तर घरचीच हायस की,” आणि भाकरी मागितली. ते हो होतं का नाही, तेही समजलं नाही. आता माझा खरेपणा कुठं संपतो आणि स्वार्थ कुठं सुरू होतो, मला उलगडत नाही.

सोबत दोन्ही जाहिराती आहेत. तुला योग्य वाटेल ती छापखान्यात दे. कोणती दिलीस ते मी छापून आल्यावरच बघेन. तिसरा कागद माझा अर्ज आहे. जाहिरात आली की तो तिथूनच शंकरप्पांच्या पत्त्यावर टपालात टाक. नाव, गाव माझंच घातलंय, लपवलेलं काही नाही. पण घरच्या पोरीचं बोलणं इथं कुणाच्या कानात शिरत नाही, आणि टपालानं आलेला कागद शंकरप्पा चार माणसं बसवून मोठ्यानं वाचतात.

तुझीच गोंधळलेली,
सत्यभामा