लहानूच्या गोष्टीचा प्रकार

सेक्टर ६, भिलाई
डिसेंबर १९६१

प्रिय सिंधू,

तुझं दिवाळीचं पत्र केव्हाच पोचलं. तुमसरच्या तुझ्या कन्याशाळेला गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट मिळालं, आणि कोणत्या कप्प्यात कोणत्या प्रकारच्या कथा ठेवाव्यात ते ‘शास्त्रीबुवांनी’ कळवावं, असा तुझा हुकूम. कुणब्याचं पोर संस्कृत पाठशाळेत शिकलं की त्याला जन्मभर ही पदवी सोसावी लागते. दुसऱ्या कोणी चिडवलं असतं तर रागावलो असतो. उत्तराला उशीर झाला तो आळसाने नव्हे. प्रश्न सोपा वाटला, आणि सोप्या प्रश्नांनीच आम्हां पंडितांचे हाल होतात.

इथे आम्ही मराठी मंडळींनी वाचनालय काढलं आहे; म्हणजे तेजरामच्या क्वार्टरची पुढची खोली. तेजराम कारखान्यात क्रेन चालवतो, आणि त्याची बायको बेबीताई तेजरामला चालवते, शिवाय वाचनालयही. मी कपाटांवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठ्या लावल्या: ऐतिहासिक, सामाजिक, रहस्यप्रधान, अद्भुत, विनोदी. आठवड्यात सगळी पुस्तकं इकडची तिकडे. बेबीताईने शांतपणे सांगितलं, “गुरुजी, तुमच्या चिठ्ठ्या पाहून कोणी पुस्तक मागत नाही. बाया येतात आन् म्हणतात, आज रडाचं द्या.” तिचे कप्पे वेगळेच. रडाच्या, हसाच्या, सासूले वाचून दाखवाच्या आणि सासूपासून लपवाच्या. शेवटच्या कप्प्यातलं पुस्तक सहसा परत येत नाही. मी म्हटलं, बाई, माझं वर्गीकरण विषयावर आहे, तुमचं रसावर. प्राचीन आचार्य तुमच्याच बाजूचे. ती म्हणाली, “असंन.”

तरी तुझ्या मुलींसाठी काही खुणा देतो. पहिल्या पानावर प्रेत असेल तर रहस्यकथा. त्यातही, मारणारा कोण ते शोधायचं असेल तर गुप्तहेरकथा. मारणारा स्वतःच आधी मेलेला असेल तर भुताची. पहिल्या पानावर वंशावळ असेल तर ऐतिहासिक, सून चहा करत असेल तर कौटुंबिक. विनोदी कथा मात्र मुखपृष्ठावर तसं छापल्याशिवाय ओळखू येत नाही. भुताच्या गोष्टी सगळ्यांत वरच्या कप्प्यात ठेव. मुली स्टुलावर चढून काढतीलच, पण निदान व्यायाम होईल.

तुला स्वतःला प्रकारांशी कधीच कर्तव्य नव्हतं. भंडाऱ्याला तुझ्या बाबांच्या वखारीत पोत्यावर बसून तू मोठ्याने वाचायचीस आणि गोष्ट वाईट वळणाला लागली की पुस्तक मिटून पुढचं स्वतःच रचायचीस. मी पाठशाळेतून पुस्तकं आणायचो ती तुझा शेवट ऐकायला. मग बालाघाटकडच्या मालगुजारांचं स्थळ आलं आणि वखारीतलं वाचन थांबलं. तिथे तुझ्यावर जे गुदरलं, ते तू कधी लिहिलं नाहीस, मी विचारलं नाही. यजमान गेल्यावर तू ट्रेनिंग केलंस, नोकरी धरलीस, मुलाला नागपूरला कॉलेजात घातलंस, हे मात्र दर दिवाळीच्या पत्रातून मी वाचत आलो. लोक मला विचारतात, लग्न का राहून गेलं? मी म्हणतो, व्याकरणातून सवड झाली नाही. लोक हसतात आणि विषय संपतो.

आता उशिराचं खरं कारण. आम्ही एक हस्तलिखित अंक काढतो आहोत. कारखान्यात कोक ओव्हनवर, म्हणजे कोळशाच्या भट्ट्यांवर, काम करणारा लहानू मेश्राम, गोंदियाकडचा मुलगा, त्याने गोष्ट दिली ती अशी. भागाचा नवरा कारखाना उभारायला म्हणून परमुलखात जातो. आधी निरोप येतात, मग थांबतात. गाव म्हणतं, त्याने तिकडेच घर केलं. एके सकाळी भागा त्याच्या खोलीत साठलेली पोती बाहेर ओढते, जमीन सारवते, आणि ती वाळेपर्यंत दारात बसून राहते. संपली गोष्ट. तेजराम संपादक, त्याला अनुक्रमणिकेत प्रत्येक गोष्टीपुढे प्रकार हवा. तो म्हणाला, “लिवा शोककथा. तो बुवा येत नाही, हे पोट्ट्यालेही समजते.” मी म्हटलं, प्रेमकथा. जुंपली. शेवटी मी शास्त्र काढलं. ताटातुटीच्या कथेत पुन्हा भेटीची आशा उरली असेल तर तो विप्रलंभ, म्हणजे शृंगाराचाच प्रकार. आशा संपली की करुण. रडणं दोन्हीकडे सारखंच. “मंग आशा हाय का नाही?” तेजरामने लहानूलाच धरलं. लहानू म्हणाला, “मले काय माहीत, भाऊ? तिनं सारवलं, तेवढं मले माहीत.”

आमचा वाद पुन्हा पेटला. बेबीताई पुस्तकांना कव्हरं घालत होती. तिने खळीचा हात पुसला आणि म्हणाली, “तुमी दोघं माणसं कावून भांडून राहिले जी? आशा हाय का नाही, हे त्या बाईले कोणी इचारलं का? त्या नवऱ्यानं तरी एक कार्ड टाकून इचारलं का?” कथेतल्या पात्राला विचारता येत नाही, हे शास्त्रोक्त उत्तर माझ्या तोंडाशी आलं होतं. लहानूच्या गोष्टीपुढची जागा आम्ही कोरी सोडली, आणि मी घरी येऊन हे पत्र लिहायला घेतलं.

सिंधू, माझ्याशी लग्न करशील का? आपल्या लोकांत विधवेचा पाट लावायची चाल जुनी आहे. तुझ्या सासरच्यांनी मोठेपणासाठी ती सोडली. पण पाट लावतात तो रात्री, अंधारात, कोणी पाहू नये असा. तसं मला नको. दुर्गच्या विवाह-नोंदणी कचेरीत, भर दुपारी, दोघांनी सह्या करायच्या. मला दोन खोल्यांचं क्वार्टर मिळालं आहे, दारात लाल धूळ आणि कारखान्याचा भोंगा फुकट. इथल्या मुलींच्या शाळेत शिक्षिका हव्या आहेत. तुझी नोकरी सुटू नये, एवढी चौकशी मी करून ठेवली आहे. मुलाशी बोल, त्याने चार शब्द सुनवायचं ठरवलं तर मी येऊन ऐकेन. नाही म्हणालीस तर दिवाळीची पत्रं थांबतील, अशी धास्ती बाळगू नकोस. तुझं लग्न ठरलं तेव्हा बाबांना विचारलं, मामांना विचारलं, ज्योतिषाला विचारलं. मीही मनातल्या मनात तुला सोडून सगळ्यांना विचारून गप्प बसलो. या वेळी मी दुसऱ्या कोणालाही विचारलेलं नाही.

तुझाच,
पुंडलिक