नैरोबीचा पडदा

६ डिसेंबर १९९३, केरोका

ठरलं. परवा नैरोबी.

समोरच्या बोसिरेने गेल्या वर्षी त्याच्या फोटो स्टुडिओत गिऱ्हाइकामागे लावायचा नवा पडदा आणला. विमान, आणि विमानाला जिना. लोक जिन्याशेजारी रिकामी बॅग धरून उभे राहतात. जन्मभर बसच्या टपावर बसून फिरलेली माणसं! गेल्या नाताळात माझी निम्मी गिऱ्हाइकं तिकडे पळाली. नवे कपडे घालून माझ्याच दारावरून गेली, मान वर करून. यंदाचा नाताळही असाच गेला तर दुकानाला कुलूप लावून केळी विकत बसावं लागेल.

दोष कशाचा ते उघड आहे. माझ्या पडद्याचा. धबधबा आणि हरीण. रंग उडून हरणाची शेळी झालीय.

केरुबो म्हणाली, कारण पडदाच असेल असं नाही हो. म्हटलं, मग काय आहे? ती म्हणाली, काही नाही, चहा घ्या. बायकोला कलेतलं कळत नाही, फिल्म मात्र छान धुते.

बेत असा. नैरोबीत उत्तम ठिकाण शोधायचं, सगळ्या उंच इमारती एका फोटोत घ्यायच्या, आणि ओंबाती पेंटरकडून तसाच्या तसा पडदा रंगवून घ्यायचा. इतरांना दोन दिवस लागतील. मला एक पुरे.

किल्ली केरुबोकडे दिली. सूचना: धूळ पुसणे. येईल त्याला 'मालक नैरोबीला गेलेत, थांबा' असं सांगणे. जुना कॅमेरा कपाटात आहे, त्याला हात लावू नये.

८ डिसेंबर, नैरोबी

मेहुण्याकडे उतरलो. मोगाकाची एकच खोली, मध्ये चादर टांगलेली. अलीकडे मी. पलीकडे तो, त्याची बायको न्याबोके आणि दिवसभर बोंबलणारा रेडिओ.

मोगाका म्हणाला, दाजी, टेकडीवरच्या बागेत जा, तिथून सगळं शहर दिसतं, सगळे तिथूनच फोटो काढतात. म्हटलं, सगळे जातात तिथे मेंढरं जातात. मी माझं ठिकाण शोधीन. तो म्हणाला, बरं. 'बरं' म्हणण्याची ही तऱ्हा आमच्या सासुरवाडीत सगळ्यांना आहे.

न्याबोकेला माहेरी पाठवायला फोटो हवा होता. काढतो म्हटलं. हनुवटी वर. तोंड मीट. खांदे सरळ. सरळ म्हणजे सरळ, फळीसारखे! डोळे मिटलेस तर फिल्म फुकट जाईल. ती म्हणाली, राहू द्या दाजी, माझी भाजी करपतेय. चुलीवर काहीच नव्हतं.

संकल्प: शहरात कोणावर ओरडायचं नाही.

९ डिसेंबर

ओरडावं लागलं.

गोल उंच इमारतीसमोर उभा राहिलो, तोच तिथले रस्त्यावरचे फोटोवाले जमा झाले. गळ्यात कॅमेरे, हातात नमुन्याच्या पाट्या. एकाने विचारलं, काका, परवान्याचं कार्ड कुठंय? ही आमची जागा. म्हटलं, मला तुमची गिऱ्हाइकं नकोत, मला इमारत हवी. तो म्हणाला, इमारत पण आमचीच. दुसऱ्याने माझ्या कोटाला हात लावून विचारलं, हा कोट आजोबांच्या लग्नातला की आजीच्या? सगळे फिदीफिदी हसले.

मी फक्त एवढंच म्हणालो, की त्यांच्या पाटीवरचे फोटो म्हणजे पोलीस ठाण्यात लावायच्या लायकीचे आहेत. खरं बोललं की लोकांना झोंबतं. त्यानंतर मी कॅमेरा जिकडे वळवावा तिकडे त्यांच्यातला एकेक जण खिशात हात घालून येऊन उभा. मी डावीकडे, तो डावीकडे. मी बसलो, तर तोही बसला. दुपारपर्यंत हा तमाशा.

उद्या पहाटे जाईन. पहाटेचा उजेड तसाही चांगला.

१० डिसेंबर

पहाटे जाग आली नाही. रेडिओमुळे.

११ डिसेंबर

दुसऱ्या एका इमारतीच्या गच्चीवर जायचं ठरवलं. लिफ्टजवळचा रखवालदार म्हणाला, वर जा, पण हे तीन पायांचं लोढणं इथे ठेवा. म्हटलं, याला ट्रायपॉड म्हणतात, तुमच्या डोक्यावरून जाईल. तो म्हणाला, डोक्यावरून जाईल म्हणूनच इथे ठेवा. मी त्याला शांतपणे दाखवून दिलं, की त्याच्या शर्टाचं बटण उघडं आहे आणि आत बनियन नाही. एवढ्यावरून कोणी चिडतं? मला दारापर्यंत पोचवायला आले, ते तिघे आले.

उजेड वाईटच होता. वाचलो.

१२ डिसेंबर, रविवार

मोगाकाने हट्टाने बागेत नेलं. केवळ त्याचं मन मोडू नये म्हणून गेलो.

ठिकाण बरं आहे. (फारच छान आहे. हे त्याला सांगायचं नाही.) खाली तळं, मागे इमारती अगदी ओळीने, जशा पडद्याला हव्यात तशा. कॅमेरा लावला. नेमकी मधोमध लग्नाची मंडळी! नवरा, नवरी, मावश्या, काका, एकसारखी कापडं, ढोलकं. म्हटलं, ओ जाड्या बाई, जरा सरका, इमारत झाकतेय. ती नवऱ्या मुलाची आत्या निघाली. तिच्याकडे छत्री होती.

मोगाका मध्ये पडला आणि त्याने सगळ्यांची माफी मागितली, माझ्या वतीने, मला न विचारता. वर घरी येताना म्हणतो, दाजी, नाचता येईना अंगण वाकडं असं झालंय तुमचं. खांदा दुखतोय.

१४ डिसेंबर

बसचा कंडक्टर रातेमो केरुबोचा निरोप घेऊन आला. हा आमच्याच गल्लीतला, सदा दात काढणारा. निरोप असा: सगळं ठीक आहे, घाई करू नका, दुकानात लोक येतायत.

येणारच! मी नाही म्हटल्यावर किंमत कळली. विचारलं, माझ्याबद्दल विचारतात का? तो म्हणाला, हो हो, विचारतात ना, कधी येणार म्हणून. काळजीनेच विचारतात. आणि पुन्हा दात.

केळीही पाठवलीत. म्हणजे तिला वाटतंय की मी अजून राहणार. ठीक आहे, चांगल्या कामाला वेळ लागतोच.

१७ डिसेंबर

पादचारी पुलाखाली अप्रतिम कोन सापडला. फक्त कोपऱ्यात एक मंदाझी, म्हणजे गोड वडे, तळणारी बाई. म्हटलं, कढई हलव. ती म्हणाली, तू शहर हलव. म्हटलं, मी कलाकार आहे. ती म्हणाली, मग उपाशी असशील, घे एक. मी घेतली नाही. मग तिने गिऱ्हाइकांना सांगितलं, हा माणूस माझा फोटो चोरायला आलाय. आत्याच्या छत्रीनंतर आठवड्यात दुसऱ्यांदा पळालो. या वयात बरा पळतो मी.

नैरोबीची माणसं कुसकी. एकजात कुसकी. शहर चांगलं आहे, पण लोक हलवायला हवेत.

१९ डिसेंबर

फोटो धुऊन आले.

दुकानदाराने काउंटरवर एकेक पसरला. मग त्याने हळूच विचारलं, ही सगळी माणसं तुमच्या ओळखीची आहेत का? एकूण एक फोटोत कोणीतरी माझ्याकडे हात करून ओरडतंय. फोटोवाले ओरडतायत. आत्या ओरडतेय, छत्रीसकट. झाऱ्यासकट मंदाझीवाली. एका फोटोत मोगाका आहे. तो ओरडत नाहीये, त्याने कपाळाला हात लावलाय.

एकच फोटो बिनमाणसांचा. त्यात इमारतीचं टोक आणि आकाश, जरा तिरकं. ओंबाती सरळ करील. पुष्कळ झालं. बोसिरेच्या विमानाला हे टोक भारी आहे.

२१ डिसेंबर

रातेमो पुन्हा. केरुबोने फिल्म मागवली आहे. भरपूर.

मी हादरलो. विचारलं, फिल्म कशाला? तो म्हणाला, काकू फोटो काढतात ना! कोणत्या कॅमेऱ्याने? जुन्या. कोणत्या पडद्यावर? पडदा कशाला, मागच्या अंगणात, भिंतीपाशी, बाकावर. बोसिरेकडचेही इकडेच यायला लागलेत.

हसू आलं. नुसत्या भिंतीपुढे! डोकी कापली जाणार, कोंबड्या मध्ये येणार. नाताळ संपला की सगळे रडत माझ्याकडे येतील. पण तोवर दुकानाचं नाव मातीत जाईल. लगेच निघायला हवं. नाताळाला अख्खं शहर गावी निघालंय, बसला जागा नाही. तिकीटवाल्याला स्पष्ट सांगितलं, की तो गाढव आहे. त्यामुळे परवाच्याऐवजी तेरवाची जागा मिळाली.

२४ डिसेंबर, केरोका

दुपारी पोचलो.

दुकानापुढे रांग, रस्त्याच्या वळणापर्यंत. नवे फ्रॉक, नवे बूट, म्हाताऱ्यांच्या टोप्या. तिरमिरीत दाराकडे निघालो, आणि जागीच थांबलो. दारात स्टुलावर सासूबाई. पावडरचा डबा मांडीवर, येईल त्याचं तोंड पुसतायत. आमच्यात सासू बसली असेल तिथे जावयाने पाऊल ठेवायचं नाही. तिच्यासमोरून आत जाणं तर दूरच. ती उठेपर्यंत जावई बाहेर. आणि त्यांचं उठायचं काही लक्षण दिसेना.

रस्ता ओलांडून बोसिरेच्या पायरीवर जाऊन उभा राहिलो. तो एकटाच होता, मागे त्याचं विमान. इतकी वर्षं आम्ही एकमेकांना शिव्यांखेरीज काही दिलं नाही. आज त्याने स्टूल दिलं. म्हणाला, तुमच्या बायकोने दोघांनाही बसवलं की हो.

रातेमो स्वतःचा फोटो दाखवायला आला. डोक्याचा वरचा भाग गायब, भिंत वाकडी, पायाशी खरोखरच कोंबडी. आणि हा हसतोय, आतल्या दाढा दिसेपर्यंत. मी त्याला दरवर्षी तोंड मिटायला लावायचो. विचारलं, हा फोटो आहे? तो म्हणाला, काका, तुम्ही काढलेला माझा फोटो आईने भिंतीकडे तोंड करून ठेवलाय, म्हणते मेल्यासारखा दिसतोस. हा तिने शेजाऱ्यापाजाऱ्यांना दाखवला. काकू ओरडत नाहीत. काकू म्हणतात, हवं तसं बसा, आणि मग काहीतरी विचारतात, आणि आपण हसतो तेवढ्यात काढतात.

रांगेत ओंबाती पेंटर दिसला, बायको-पोरांसकट. त्याला माझा फोटो दाखवला. तो म्हणाला, विजेचा खांब का? मग म्हणाला, बघू नंतर, आमचा नंबर आला.

मग केरुबो रस्ता ओलांडून आली. मनात म्हटलं, आली माफी मागायला. थोडा वेळ ताणून मग माफ करायचं ठरवलं होतं. तिने विचारलं, जेवलात का? मग हात पुढे केला. म्हणाली, तो चांगला कॅमेरा द्या, जुन्याचं झाकण सारखं पडतंय, उजेड आहे तोवर एवढे लोक आटपायचेत. म्हटलं, आणि मी? ती म्हणाली, आई बसलीय ना. मग अगदी मायेने म्हणाली, आणि तुम्ही दिसलात की लोक डोळे मिटतात हो.

दिला कॅमेरा. पट्टाही दिला.

वाईट वाटलं. खरंच फार वाईट वाटलं, हे लिहून ठेवतो. माझ्याच दुकानाला मी नको झालोय. मग वाटलं, छे, सणापुरती सोय आहे. पडद्याचा प्रश्न अजून आहेच.

जाताजाता केरुबो वळून म्हणाली, मोंबासाला समुद्र आहे म्हणतात, पडद्याला छान दिसेल. रातेमो लगेच म्हणाला, उद्याही गाडी आहे काका. रांगेतून कोणीतरी ओरडलं, जागा पण आहे! कामाची बाब आहे, जावं लागणार. बोसिरे म्हणाला, माझा कॅमेरा रिकामाच आहे, मीही येतो, खिडकीजवळ कोण बसणार? म्हटलं, मी.