नऊ गोल

रविवार, मुखेड

लातूरला चाकांच्या स्केट्सवर शिकलो, आता परदेशी क्लबकडून पगारावर बर्फावरची हॉकी खेळतो. बचावपटू आहे. समोरचा फटका अंगावर घेऊन अडवायचा, हेच काम. आज बाजारात वडिलांच्या, म्हणजे दादांच्या, मित्रांनी विचारलं, "गोल किती केलास?"

"नऊ," म्हणालो. एकही नाही. का बोललो? स्वतःच्याच कामाची लाज वाटली? नऊ ऐकून दादांनी सगळ्यांना चहा पाजला.

घरी शर्ट बदलताना खरं सांगितलं. दादा माझ्या बरगडीवरचा काळानिळा डाग बघत राहिले.

"हे अडवतानाच झालं न्हवं?"

"हाव."

"मग नऊ कशाला म्हणलास? उद्या मीच सांगून येतो त्यांना."

खोटं माझं, मान खाली घालणार दादा. सोबत चल म्हणाले नाहीत. मीही येतो म्हणालो नाही.