आईची चूक नाही, हे लेखी द्या

आदरणीय डॉक्टरबाई,

सोमवार, नऊ तारखेला सकाळी सव्वादहा वाजता तुम्ही माझ्या मुलीला म्हणालात, "यात आईची काहीच चूक नसते." ते ऐकायला तिच्याजवळ मी एकटीच होते. माझी तक्रार नेमकी तीच आहे.

तुमच्या कामात खोट काढायला मी टपूनच बसले होते. नात जन्मली ती आतडी पोटाबाहेर घेऊन. तुम्ही ती आतडी पारदर्शक पिशवीत घालून वर टांगलीत आणि रोज थोडी थोडी आत सरकवलीत.

"एकदाची ढकलून मोकळ्या का होत नाही?" मी खेकसले.

"आजी, घर लहान आहे. पाहुणे एकेक करून आत घेऊ."

मिशनच्या सिस्टरांच्या शाळेत शिकलेली मी, कौतुक हात राखूनच करते. पण असा धीर मी कुठे पाहिला नाही. आज पोरगी दूध पचवते आहे.

पण विहीणबाई रोज विचारतात, "दिवस गेले होते तेव्हा काय खाल्लं होतंस गं?" आणि माझी मुलगी रडत आठवत बसते. माझं त्या ऐकणार नाहीत, तुमचं ऐकतील.

शनिवारी दुपारी बाराला विहीणबाई मायलेकींना न्यायला येतील. त्याआधी तुमचं ते वाक्य मला सहीशिक्क्यानिशी लेखी हवं.

तुमच्यावर रागावलेली आणि कायमची ऋणी,
बाळाच्या आईची आई